देव म्हणजे विश्वच का? एका वहीत करून पाहायची तपासणी

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात करंज्या भरताना माझ्या नववीतल्या नातीनं विचारलं, "आजी, देव म्हणजे आपण विश्वालाच माणसाचे नाक-डोळे लावलेत, एवढंच ना?" सुनेचा हात पारीवरच थांबला. तिला वाटलं, आता आजी चिडणार. मी चिडले नाही. बार्शीत एकतीस वर्षं भूगोल शिकवला, पृथ्वीच्या पोटात काय चालतं ते फळ्यावर काढून दाखवलं. आणि सासर वारकऱ्यांचं, मामंजींच्या गळ्यात शेवटपर्यंत माळ होती. अशा बाईला या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येत नाही आणि 'नाही' म्हणूनही नाही. मी तिला म्हटलं, करंज्या तळून होऊ देत, मग एक वही घेऊन बस.

त्यानंतर आम्ही जे केलं ते इथे लिहिते आहे. कुणाच्याही घरी करता येईल. एक शंभर पानी वही, एक पेन्सिल आणि एक आठवडा पुरतो. घरात किंवा शेजारी देवाचं नाव सहज तोंडात येणारं एक वयस्कर माणूस मात्र हवं.

आधी वाक्यं गोळा करायची. पोथीतली घ्यायची नाहीत, फक्त कानावर पडलेली. कुणालाही "तुम्ही देवाला काय मानता" असं विचारायचं नाही. विचारलं की माणूस सावध होतो आणि पाठ केलेलं बोलतो. स्वयंपाकघरात, फोनवर, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर जे आपसूक बोललं जातं ते जसंच्या तसं उतरवा. शेजारी कोण बोललं आणि कधी ते लिहा, कारण पुढे त्याचीच जास्त गरज पडते. आमच्या वहीत आठवड्यात त्रेचाळीस वाक्यं जमली. दूधवाली म्हणाली, "देव पावला बघा, म्हैस व्याली, रेडी झाली." मुलगा बदलीबद्दल म्हणाला, "देवाच्या मनात असेल तर होईल." आमच्या समोर राहणाऱ्या बाई मूळच्या गोव्याच्या, त्यांना वाटीभर साखर दिली तर त्या 'थँक्यू' न म्हणता "देव बरें करूं" म्हणतात. आणि मी स्वतः उठता-बसता गुडघ्यावर हात ठेवून "देवा रे" म्हणते, हे मला नातीच्या वहीतूनच कळलं. एका दिवसात नऊ वेळा.

मग दुसरं काम. प्रत्येक वाक्यातला 'देव' खोडायचा, तिथे 'विश्व' किंवा 'निसर्ग' लिहायचं आणि वाक्य मोठ्यानं वाचायचं. मनात वाचू नका. डोळा पुष्कळ गोष्टी खपवून घेतो, कान घेत नाही.

काही वाक्यांना काहीच होत नाही. 'देवाची करणी अन् नारळात पाणी' घ्या. 'निसर्गाची करणी' म्हणा, अर्थ जागच्या जागी राहतो. उलट पुढचा प्रश्न सुचतो: पाणी येतं कुठून? नातीनं तो विचारला. ते पाणी म्हणजे नारळाच्या बाळरोपासाठी साठवलेलं अन्न. कोवळ्या शहाळ्यात ते पातळ असतं आणि त्यातूनच कवटीच्या आतल्या बाजूला मलईचा आणि मग खोबऱ्याचा थर धरत जातो. अशा वाक्यात देव म्हणजे खरोखरच विश्वाचं लाडकं नाव आहे. नातीचं म्हणणं इथे शंभर टक्के बरोबर, तसं वहीत लिहून टाका. या गटावर जास्त वेळ घालवू नका.

खरी मेहनत 'कोपला', 'रुसला', 'शिक्षा दिली' या वाक्यांवर करायची. 'विश्व कोपलं' हे कानाला लगेच खोटं वाटतं. मग विचारायचं: बोलणाऱ्याच्या समोर नेमकं काय घडलं होतं, आणि हे वाक्य उच्चारल्यावर त्यानं पुढे काय केलं?

माझ्या डाव्या दंडावर देवीच्या रोगावरच्या लशीचा वण आहे. नातीला तो कसला ते माहीत नव्हतं. तिच्या दंडावर तो नाही, तिच्या आईच्याही नाही. आपल्या भाषेत त्या रोगाचं नावच 'देवी'. अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणायचे, आणि लस टोचली की 'देवी काढल्या'. म्हणजे एका विषाणूला आपण बाईमाणसाचं रूप दिलं होतं: ती येते, ती रागावते, तिला थंडावा हवा, कडुनिंबाचा पाला हवा, घरात आवाज नको, परक्याचं येणं-जाणं नको. यातलं येणं-जाणं थांबवणं खरोखर उपयोगाचं होतं, हे मी नातीला आवर्जून सांगितलं. त्या काळच्या लोकांना खुळ्यात काढायचं नाही. माणसाचं रूप दिलं की कसं वागायचं ते चटकन समजतं, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला तेच हवं असतं. पण त्याच रूपामुळे कित्येक घरांनी सुईला नकार दिला, देवी कोपेल म्हणून. माझ्या लहानपणानंतर भिंतींवर रंगवलेलं असायचं, 'देवीचा रोगी कळवा आणि १००० रुपये मिळवा'. भारतात १९७५ साली शेवटचे रोगी सापडले आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं सगळं जग या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. कोपणारी गेली. शब्द तेवढा माझ्या दंडावर राहिला.

दुसरं उदाहरण सांगताना मला अजून थांबावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. किल्लारीचा भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे दहा हजार माणसं गेली. बार्शीत आम्ही भांडी पडल्याच्या आवाजानं जागे होऊन अंगणात आलो होतो. शाळा पुन्हा भरली तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आमच्या मावशीच्या गावानं देवाचं काय वाकडं केलं होतं?" तिला घरात कुणीतरी सांगितलं होतं, देव कोपला.

माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं. जे होतं तेही चुकीचं होतं, कारण दख्खनचं पठार हा स्थिर भूभाग, इथे मोठे भूकंप होत नाहीत, असं मीच वर्षानुवर्षं नकाशावर छडी ठेवून शिकवलं होतं. नंतर कळत गेलं. जुन्या खडकातही ताण साठतो आणि कधीतरी मोकळा होतो. आणि माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, वर माळवदाचं मणामणाचं ओझं, आणि वेळ अशी की सगळे आत झोपलेले. 'देव कोपला' म्हटलं की बोट मावशीच्या गावाकडे जातं. 'खडकातला ताण मोकळा झाला' म्हटलं की बोट भिंतीकडे जातं, आणि भिंत वेगळी बांधता येते. म्हणून या गटातली वाक्यं मी नातीला निर्दयपणे खोडायला सांगितली. ज्या वाक्यात देवाला माणसाचा राग दिला आहे आणि त्या रागाचं कारण म्हणून दुसरा माणूस दाखवला आहे, ते वाक्य विश्वाचं वर्णन म्हणून टिकत नाही. ते लेकराच्या मनावर दगड ठेवतं. मी तो पाहिला आहे.

पुढचं काम रविवारचं, थोडं वेळखाऊ. एका पानावर माणसाची बाह्यरेखा काढा. मग ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९० वं सूक्त, आपलं पुरुषसूक्त, अर्थासह घेऊन बसा आणि तो पुरुष त्या रेखेवर उतरवा. मनाजवळ चंद्र. डोळ्याजवळ सूर्य. तोंडाजवळ इंद्र आणि अग्नी. श्वासाजवळ वारा. नाभीजवळ अंतरिक्ष, डोक्यावर आकाश, पायांशी जमीन, कानांजवळ दिशा. विश्वाला माणसाचा आकार देण्याचं इतकं उघड उदाहरण आपल्या घरात रोजच्या पूजेत म्हटलं जातं, आणि आपल्या ध्यानात येत नाही. नातीचा चेहरा उजळला; तिचाच मुद्दा कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी मांडून ठेवला होता.

पण आकृती अर्धी सोडायची नाही. त्याच सूक्तात तोंड, बाहू, मांड्या आणि पाय यांच्याशी चार वर्णही जोडले आहेत. तेही लिहा. नातीनं पायांशी 'शूद्र' लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. विश्वाला माणसाचं शरीर दिलं की त्याला वरचं आणि खालचं येतं, आणि मग बोलणाऱ्याच्या समाजात जे वर आहेत ते आपोआप डोक्याकडे सरकतात. चोखोबांना पंढरीच्या देवळाबाहेर उभं राहावं लागलं आणि १९४७ साली साने गुरुजींना त्या देवळाची दारं सगळ्यांसाठी उघडावीत म्हणून प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, हे या आकृतीशेजारीच सांगावं लागतं. मी सांगितलं.

मग त्याच मंडलातलं १२९ वं सूक्त काढा. तिथे शरीरच नाही. सृष्टी कशी झाली कुणास ठाऊक, वर बसलेल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, अशा प्रश्नावर ते थांबतं. दोन्ही सूक्तं शेजारी शेजारी वाचली की मुलांना कळतं, ही शंका आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. बाहेरही ती जुनीच. अडीच हजार वर्षांपूर्वी झेनोफनीस नावाचा ग्रीक कवी म्हणाला होता की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी आपापल्यासारखे देव काढले असते. नातीला मी पोळ्याचा सजवलेला बैल आठवायला सांगितला आणि त्याचा देव काढायला सांगितला. तिनं काढला. त्याच्या नाकात वेसण नव्हती. हे चित्र वहीत सगळ्यात सुंदर आहे.

इथे थांबलात तर नातीचा जय आणि खेळ संपला. थांबू नका. आता उलट बाजूनं या. माणसाचं रूप पूर्ण काढून टाका आणि नुसतं विश्व डोळ्यांसमोर आणून बघा. आकडे लिहा: विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. पृथ्वीचं सुमारे ४५४ कोटी. आपल्या पायाखालचा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सूर्याचा प्रकाश इथे पोचायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात. हे सगळं माहीत असलेल्या माणसानं डोळे मिटून 'विश्व' म्हणावं आणि मनात काय येतं ते खरंखरं लिहावं. मी 'काळोख' लिहिलं. नातीनं 'काहीच नाही' लिहिलं.

गीतेचा अकरावा अध्याय मी त्या रात्री पुन्हा काढला. अर्जुनानंच हट्ट करून विश्वरूप मागितलं होतं. दिसलं तेव्हा त्याच्या दिशा हरपल्या. तो क्षमा मागू लागला की मी तुला 'अरे कृष्णा, अरे यादवा, अरे मित्रा' म्हणत आलो. आणि एक्कावन्नाव्या श्लोकात, पुन्हा नेहमीचं रूप पाहिल्यावर, तो म्हणतो की तुझं हे सौम्य 'मानुषं रूपं' पाहून मी भानावर आलो. शब्दच तो आहे, मानुष. नातीचा प्रश्न तिथे अर्जुनाच्या तोंडी उत्तरासारखा येतो: हो, हे माणसाचं रूप आहे, आणि मला ते परत हवं आहे.

यानंतर वहीतली उरलेली वाक्यं बघा. आमच्याकडे सतरा उरली होती, आणि त्या सतराही वाक्यांत 'देव' खोडून 'विश्व' लिहिता येत नव्हतं. "देवा रे." "पांडुरंगा, सांभाळ." "बघतोयस ना रे तू?" यांत देवाविषयी काहीच सांगितलेलं नाही, त्याला हाक मारलेली आहे. सातवीतली ती मुलगी 'देव कोपला का' विचारून गेली आणि वर्गाच्या दारात वळून हात जोडून म्हणाली होती, "देवा, मावशीला नीट ठेव रे." पहिलं वाक्य मी तिच्या मनातून काढू पाहत होते. दुसऱ्याला हात लावायची माझी छाती झाली नाही, आजही होणार नाही.

या गटासाठी एक बारीक गोष्ट तपासा: सर्वनाम. मी नवऱ्याला जन्मभर 'अहो' म्हटलं. मामंजींना 'तुम्ही'. शाळेत मुख्याध्यापकांना 'सर, आपण'. आणि ज्यानं अख्खं ब्रह्मांड व्यापलंय म्हणतात त्याला 'तू', 'अरे'. जनाबाई तर 'विठ्या' म्हणते. मराठीत 'तू' आईला म्हणतात, लेकराला म्हणतात, जिवलगाला म्हणतात. तिसऱ्या पुरुषातला देव विश्वाविषयी काहीतरी सांगतो, ते खरं की खोटं तपासता येतं, तपासलंच पाहिजे. दुसऱ्या पुरुषातला देव काही सांगतच नाही. तिथे खरं-खोटं लावायला वाक्यात विधानच नसतं.

हे पटवून घ्यायला पंढरपूरचं एक उदाहरण घ्या. आषाढीच्या यात्रेत देवाचा पलंग काढतात, दिवसरात्र दर्शन चालू राहतं, आणि उभं राहून पाठ अवघडू नये म्हणून मागे लोड लावतात. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते: पायांना लिंबू-साखर चोळतात, गरम पाण्यानं स्नान घालतात, रात्री शीण जावा म्हणून काढा देतात. नवी नवी सून असताना मी धीर करून मामंजींना विचारलं होतं, "मामंजी, दगडाला कसला शीण?" ते वारीहून नुकतेच आले होते, पायाला पोटीस बांधत होते. म्हणाले, "अगं, आम्ही चालून आलो. तो तिथंच उभा राहिला. चालण्यापेक्षा उभं राहणं अवघड, विचार तुझ्या सासूला." 'देव दमला' या वाक्यात विश्वाविषयीची माहिती कणभरही नाही. लाखो दमलेल्या माणसांनी एकमेकांची विचारपूस कुठे ठेवली आहे, ते त्यात आहे. आणि तरी भूगोलाच्या बाईला सांगावंसं वाटतं की याच देवाला चैत्रापासून मृग नक्षत्रापर्यंत चंदनाची उटी लावतात, म्हणजे त्याचं अंग सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाबरोबर तापतं आणि पहिल्या पावसाबरोबर निवतं.

नातीला तिच्या बाजूचा एक मोठा माणूसही दाखवला पाहिजे, नाहीतर तपासणी एकतर्फी होते. ॲमस्टरडॅमचा स्पिनोझा, भिंगं घासून पोट भरायचा. देव आणि निसर्ग ही एकाच गोष्टीची नावं, असं तो म्हणायचा. १६५६ साली, तेविसाव्या वर्षी, त्याच्या समाजानं त्याला बाहेर काढलं. आइनस्टाइननं १९२९ साली 'माझा विश्वास स्पिनोझाच्या देवावर' असं कळवलं होतं. जगाच्या सुसंगतीत दिसणारा देव, माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा नव्हे. स्पिनोझाचं एक म्हणणं मी नातीला दोनदा वाचून दाखवलं: जो देवावर प्रेम करतो तो देवानं आपल्यावर उलट प्रेम करावं असा प्रयत्न करूच शकत नाही. किती स्वच्छ आहे ते, आणि किती एकटं. मी त्याला मनापासून मान देते. संध्याकाळी गुडघा दुखला की मात्र 'देवा रे' म्हणते, आणि त्या दोन्हींत मला खोटेपणा वाटत नाही. तुकोबांनी या दोन्ही गोष्टी एकाच ओळीत सांगितल्या आहेत: 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाही ऐसा मनीं अनुभवावा'. तो अभंग वहीच्या मधल्या पानावर लिहून ठेवा आणि त्याचा अर्थ लगेच लावायला बसू नका.

शेवटच्या दिवशी नातीनं शाळेत रोज म्हणतात ते पसायदान तपासायला घेतलं. पोथीतलं घ्यायचं नाही, हा माझाच नियम. पण ती म्हणाली, हे मी पोथीतून नाही, प्रार्थनेच्या रांगेत उभी राहून शिकले. बरोबर होतं. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला पुरी झाली, तिच्या शेवटी हे मागणं आहे: 'आतां विश्वात्मकें देवें'. तिला वाटलं, झालं काम, देव म्हणजे विश्व असं माउलींनीच लिहून दिलंय. मग पुढचं वाचलं. या विश्वात्मक देवानं 'तोषावें', आणि तोषून मला 'द्यावें'. विश्व संतोष पावेल? विश्व देईल? तिनं ते तिसऱ्या गटात, हाकेच्या पानावर लिहायला घेतलं आणि पेन्सिल अर्ध्यात थांबवली.

"आजी, पण यात 'तू' कुठंय?"

नाही. 'देवानं द्यावं' असं आहे, तिसऱ्या पुरुषातच. जणू देव समोर बसलाय आणि त्याला 'तू' म्हणवत नाही, किंवा तो इतका पसरलाय की 'तू' म्हणायला कुठे बघायचं ते कळत नाही. ते वर्णन आहे आणि मागणंही आहे. मी केलेल्या कुठल्याच गटात बसेना. अखेर आम्ही त्यासाठी एक कोरं पान सोडलं, वर फक्त ओळ लिहिली. खाली तिनं त्याच पसायदानातलं 'येथ म्हणे श्रीविश्वेशरावो' उतरवलं आहे, 'म्हणे' या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या आहेत, आणि समासात लिहिलंय: कोण बोललं, कधी?